घटना समिती, इयत्ता नववी ब

मी तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. म्हणजे नेमकं काय केलं, ते शाळेबाहेरच्या माणसाला सांगायला हवं. नागरिकशास्त्र हा इतिहासाच्या शेपटीला बांधलेला विषय आहे. इतिहासाकडे लढाया असतात, भूगोलाकडे नकाशे असतात, आमच्याकडे ग्रामसेवकाची कामे असतात. आमचा तास शेवटचा. पाहुणे आले की पहिल्यांदा आमचा तास जातो. गणिताच्या सरांचा भाग मागे पडला की ते आमच्याच दारात उभे राहून म्हणतात, "बाई, तुमचं काय, पोरं घरी वाचतील." पोरं घरी कुठलाच विषय वाचत नाहीत, पण नागरिकशास्त्र जरा जास्तच वाचत नाहीत.

परीक्षेत 'सरपंचाची कामे लिहा' हा प्रश्न हमखास. एकदा पेपर चालू असताना एका पोरानं हात वर केला आणि विचारलं, "बाई, खरी लिहू का पुस्तकातली?" मी म्हणाले, "पुस्तकातली." त्यानं पुस्तकातली लिहिली, मी पैकीच्या पैकी दिले. माझ्या नोकरीचा सारांश कुणी मागितला तर एवढ्यात आटोपतो. पण संपादकांनी पानं जास्त दिली आहेत, म्हणून नववी ब ची गोष्ट सांगते.

माझं आडनाव गर्जे. आडनाव असं आणि आवाज मांजराचा, हा विनोद मी नोकरीच्या पहिल्या दिवसापासून ऐकला. माहेर आष्टी तालुक्यातलं. आई-वडील दरसाल ऊस तोडायला जायचे, मी आजीपाशी राहून शिकले आणि पुढे अंबाजोगाईच्या वसतिगृहात. नोकरी लागली ती गेवराई तालुक्यात, चकलांब्याच्या अलीकडच्या एका गावात. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर या अंकाच्या निषेधाचा ठराव येईल, आणि ठराव कसा लिहायचा हे त्यांना मीच शिकवलेलं आहे.

एके वर्षी ऑगस्टात वरून पत्र आलं. सव्वीस नोव्हेंबरला संविधान दिन उत्साहात साजरा करावा आणि फोटो पाठवावेत. आमचे हेडसर सरळ माणूस. पत्रात 'उत्साह' आणि 'फोटो' असे दोन शब्द असले की ते दुसऱ्या शब्दाची तजवीज आधी करत. ते म्हणाले, "बाई, प्रास्ताविका म्हणून घ्या, फेरी काढा, फोटो काढा, झालं."

मला त्या वर्षी काय अवदसा आठवली कोण जाणे. मी म्हणाले, "सर, प्रास्ताविका पोरांना पाठ आहे. ती आली कशी, ते त्यांना ठाऊक नाही. आपण घटना समिती भरवू. नववी ब ची पोरं सदस्य होतील. त्या लोकांनी जी भांडणं केली, ती करतील."

"भांडणं?" हेडसरांनी चष्मा काढला. "संविधानात भांडणं कशी असतील बाई?"

पुढच्या शनिवारी मी एसटीनं अंबाजोगाईला गेले. ज्या कॉलेजात मी शिकले, तिथल्या ग्रंथालयात घटना समितीच्या चर्चांचे जाडजूड खंड होते. ग्रंथपालानं धूळ झटकली, मागच्या कार्डावर बघितलं आणि म्हणाला, "बाई, हे तुम्हीच नेलतं, विद्यार्थिनी असताना. तवापासून कुणी न्हाई."

ते खंड वाचताना मला बरं वाटलं, हे कबूल करते. आम्ही पुस्तकात शिकवतो की थोर लोक एकत्र आले आणि त्यांनी महान संविधान घडवलं. जसं काही सगळे एका सुरात आरतीला उभे होते. प्रत्यक्षात ते जवळजवळ तीन वर्षं भांडत होते. प्रास्ताविकेची सुरुवात देवाच्या नावानं करायची का, यावर चक्क मतदान झालं आणि देव पडला. भाषेवरून इतकं ताणलं की शेवटी लिपी एकाची आणि आकडे दुसऱ्याचे, असं काहीतरी मिटवावं लागलं. आणि ज्या गोष्टी हव्या होत्या पण ज्यावर एकमत होईना किंवा ज्या झेपतील असं वाटेना, त्या सगळ्या 'मार्गदर्शक तत्त्वे' नावाच्या कोठीत नेऊन ठेवल्या. या कोठीचं वैशिष्ट्य असं, की तिच्यातली वस्तू कोर्टात मागता येत नाही, फक्त भाषणात मागता येते.

हे सगळं पोरांना सांगितलं तर त्यांचे डोळे चमकले. भांडण म्हटल्यावर नववी ब ला नागरिकशास्त्र एकदम जवळचं वाटायला लागलं.

तीन वाद निवडले. देवाचं नाव, गावाचं स्थान आणि बायकांसाठी राखीव जागा. भूमिका वाटायच्या चिठ्ठ्या टाकून. माझा आग्रह होता की ज्याला जे येईल ते त्यानं करावं. दुसऱ्याच्या तोंडानं बोलायला लागल्याशिवाय वाद कळत नाही.

आता चिठ्ठीला गाव कळत नाही. मसुदा समितीच्या अध्यक्षांची चिठ्ठी निघाली विश्वजितच्या नावावर. विश्वजित हा भाऊसाहेबांचा मुलगा. भाऊसाहेब म्हणजे आमच्या गावचे सरपंच. म्हणजे सरपंच त्यांची बायको होती, जागा महिलांसाठी राखीव होती. पण लेटरहेडवर, जीपवर आणि लोकांच्या तोंडी सरपंच म्हणजे भाऊसाहेबच. पुस्तकातलं आणि खरं यातला फरक.

दुसऱ्याच दिवशी नामदेवराव वाव्हळ शाळेत आले. निवृत्त पोस्टमन, बौद्ध वस्तीतले सगळ्यात वडीलधारे. पांढरा सदरा, खिशाला पेन. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी माणूस पत्र द्यायला आल्यासारखा दाराशी थांबून हाक मारायचा. पाठोपाठ भाऊसाहेबही आले, वेगळ्या कारणानं. हेडसरांच्या खोलीत दोघं समोरासमोर बसले आणि हेडसरांनी माझ्याकडे असं बघितलं की विहीर खणणारीनंच आता पाणी शेंदावं.

भाऊसाहेब म्हणाले, "बाई, विश्वा निळा कोट घालून उभा ऱ्हानार म्हनं. आमच्याकडं लोक इचारायलेत. तुमी कावून असल्या भानगडीत पडता?"

नामदेवराव सावकाश बोलले. "माझी बी हरकत हाय. पण कशाला हाय, ते मलाच नीट सांगता येईना. बाई, आमच्या घरात देव्हारा न्हाई. भिंतीवर एक फोटो हाय. आमच्याकडं तेवढंच हाय, आन् ते बी तुमी चिठ्ठी टाकून वाटता?"

मी हेडसरांकडे बघितलं.

हेडसरांनी तोडगा काढला. "चिठ्ठ्या बदलू. वस्तीतल्या एखाद्या पोराला ते काम द्या, विश्वजितला दुसरं एखादं मोठं." दोन्ही बाजू लगेच तयार झाल्या. माझ्या मनात आलं, या गावात आजवर एकमत झालं ते नेहमी याच मुद्द्यावर, की ज्यानं त्यानं आपापल्या जागी राहावं.

मी म्हणाले, "सर, असं केलं तर मग प्रास्ताविकाच म्हणून घेऊ. फेरी काढू."

मग नामदेवरावांनी विचारलं, "पोरगा हाय का शाळेत? बोलवा."

विश्वजित आला. अंगानं थोराड, बापापुढं मान खाली. नामदेवरावांनी माझ्या हातातला भाषणाचा कागद त्याला दिला. "वाच."

तो वाचायला लागला. पहिल्याच ओळीत अडखळला. "शंविधान..."

"संविधान," नामदेवराव म्हणाले. "सं. जीभ वर लावू नको. परत."

"संविधान."

"आता ठीक. पुढं."

पान संपेपर्यंत त्यांनी त्याला सतरा ठिकाणी थांबवलं असेल. शेवटी पेन खिशाला नीट लावत उठले आणि म्हणाले, "बाई, वाईट न्हाई. पण याला बोलायला शिकवावं लागंल. संध्याकाळी माझ्याकडं पाठवा. दुसऱ्या कुणी शिकवलं तर माझी हरकत ऱ्हाईल."

भाऊसाहेब घुटमळले. मुलगा रोज वस्तीत जाणार, हे त्यांच्या घशाखाली उतरेना. ते हेडसरांना म्हणाले, "पर ते काम नेमकं काय हाय? मेंबरचं का?"

"अध्यक्षांचं," हेडसर म्हणाले. "मसुदा समितीच्या अध्यक्षांचं."

"अध्यक्ष?" भाऊसाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "मंग हरकत न्हाई. अध्यक्ष म्हनल्यावर काय हरकत."

दुसरं भांडण मनीषानं केलं. मनीषा ऊसतोड कामगाराची मुलगी, वर्गात मागच्या बाकावर. वर्षातले सहा महिने शाळेत आणि सहा महिने उसाच्या फडात, त्यामुळे पुस्तकातले निम्मे धडे तिनं कधीच बघितलेले नव्हते. जे बघितले ते मात्र वकिलासारखे बघितले. तिच्या चिठ्ठीत एक महिला सदस्य निघाल्या. घटना समितीत जेमतेम पंधरा बायका होत्या, आणि त्यातल्या काहींनी ठणकावून सांगितलं होतं की आम्हांला राखीव जागा नकोत. आम्ही आमच्या लायकीवर येऊ. बरोबरी मागतो, सवलत मागत नाही.

मनीषानं कागद वाचला आणि परत दिला. "बाई, हे मी म्हननार न्हाई."

"का ग?"

"खोटं हाय."

"खोटं नाही. त्या खरंच असं बोलल्या."

"बोलल्या असतील. पर तसं झालं का? नंतर जागा ठेवाव्याच लागल्या ना पंचायतीत? मंग मी कावून म्हनू?"

मी तिला समजावलं की आपण त्यांची बाजू मांडतोय, आपली नाही. ती म्हणाली, मग माझी बाजू कोण मांडणार? मी म्हणाले, चिठ्ठीत तुझी बाजू नाही. ती म्हणाली, "तेच तर."

तिसऱ्या दिवशी तिनंच तडजोड आणली. आधी त्या बाईंचं भाषण जसंच्या तसं म्हणायचं. मग कागद खाली ठेवायचा आणि दोन मिनिटं स्वतःचं बोलायचं. मी म्हणाले एक मिनिट. दीडवर मिटलं.

हेडसरांची काळजी निराळीच होती. शेवटी मतदान होणार, हे त्यांना कळलं तेव्हा ते खुर्चीतून उठले. "पोरं खरंच मत देणार? आणि निकाल वेगळा लागला तर? 'अमुक शाळेनं घटना बदलली' असं छापून येईल बाई! माझी पेन्शन जाईल." पुन्हा तडजोड. पोरांनी मत द्यावं, आणि लगेच हेडसरांनी खरा निकाल वाचून दाखवावा. म्हणजे लोकशाही झाली आणि वर शिस्तही राहिली.

एवढं ठरलं तोवर दसरा आला. आमच्या भागात दसरा म्हणजे गाव रिकामं व्हायला सुरुवात. ऊसतोडीच्या टोळ्या ट्रॅक्टर भरून निघतात, आणि भांडी-कुंडी, शेळ्या, म्हाताऱ्या यांच्याबरोबर पोरंही जातात. माझ्या सात जणांच्या मसुदा समितीतला एक जण पहिल्याच टोळीबरोबर गेला. एकाला डेंग्यू झाला. एकाच्या बापाला पुण्यात वॉचमनची नोकरी लागली, ते घर बिऱ्हाडासकट गेलं. एकाला माइक मिळणार नाही म्हणून तो रुसला आणि त्यानं राजीनामा दिला, लेखी. उरलेल्या दोघांचा काही उपयोग नव्हता. सगळं काम विश्वजितवर पडलं.

नामदेवराव हे ऐकून हसले. मी त्यांना तसं हसताना पहिल्यांदा बघितलं. "तवा बी असंच झालतं बाई. एक वारला, एक परदेशात, एक राजीनामा देऊन मोकळा, कुणाची तब्येत बरी न्हाई. सगळा भार एकट्यावर. पोराला सांगा, हे नाटकात लिहिलेलं न्हाई, पर बरोबर चाललंय."

बाकीच्या टोळ्या दिवाळी झाली की जाणार होत्या, मनीषाची त्यातच. सव्वीस नोव्हेंबरला निम्मी घटना समिती फडात असणार. मी हेडसरांना म्हणाले, दिवाळीच्या सुट्टीआधीच करू. ते म्हणाले, पत्रात तारीख दिली आहे, देश बदलेल पण तारीख बदलणार नाही. मग कागदावर असं ठरलं की सुट्टीच्या आदल्या दिवशी 'रंगीत तालीम' होईल आणि कार्यक्रम सव्वीसला. तालमीला पाहुणे बोलवायचे नव्हते. पण मुलगा अध्यक्ष म्हटल्यावर भाऊसाहेब आलेच, बायकोला घेऊन. वस्तीतून नामदेवराव आले, आणखी पाच-पन्नास लोक आले. शाळेच्या पटांगणात सतरंज्या टाकल्या होत्या. सभेच्या अध्यक्षस्थानी आयेशा पठाण नावाची मुलगी, हातात फळा पुसायचं डस्टर. ते टेबलावर आपटलं की खडूचा धूर उठायचा आणि सभा शांत व्हायची.

देवाचा वाद पटकन संपला. दोन्ही बाजूंनी पोरं चांगली बोलली. मतदानात इथंही देव पडला. पुजाऱ्याच्या मुलानंच विरोधात मत दिलं. नंतर विचारलं तर म्हणाला, "देवाला मतदानात उभं करायचंच कशाला?" खऱ्या सभेतही काही जणांना नेमकं हेच खटकलं होतं, हे त्याला माहीत नव्हतं.

मग गाव आलं. घटना समितीत बऱ्याच जणांचं म्हणणं होतं की राज्यघटनेचा पाया गाव असावा. मसुदा समितीच्या अध्यक्षांचं मत उलट होतं. गाव म्हणजे काय, ते त्यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं. त्यांनी पाया माणूस धरला, एकेकटा माणूस. विश्वजित उभा राहिला. निळा कोट त्याला दंडात तंग होत होता. आवाज मात्र खणखणीत, शब्द सुटे सुटे. त्यानं गावाची सालटी काढली. गाव म्हणजे कोतेपणा, अज्ञान, जातपात.

भाऊसाहेब ताडकन उठले. "विश्वा! खाली बस. गावाला नावं ठेवतो बे? गावाचं खातो आन्..."

आयेशानं डस्टर आपटलं. खडूचा ढग उठला. "पाहुण्यांनी अध्यक्षांच्या परवानगीशिवाय बोलू नये."

भाऊसाहेबांना गावात कुणी खाली बसवलेलं नव्हतं. ते बसले. बहुतेक नवलानंच बसले.

विश्वजितनं कागदाकडे बघितलं, मग कागद बाजूला ठेवला. मी मनात म्हटलं, आता पेन्शन माझीही गेली.

"मी तीन आठवडे नामदेव आजोबांच्या घरी जातोय," तो म्हणाला, आणि आता तो शिकवलेल्या भाषेत बोलत नव्हता. "आमच्या घरापासून त्यांचं घर चारशे पावलं हाय. मी मोजलीत. मला पंधरावं वरीस लागलंय. एवढ्या वर्सांत मी तिथं एकदा बी गेलतो न्हाई. कावून गेलतो न्हाई, ते मला कुणी सांगितलं न्हाई. जाऊ नको असं बी कुणी म्हनलं न्हाई. तरी गेलतो न्हाई. गाव असं असतंय."

तो बसला. टाळ्या नाहीत. नामदेवराव जमिनीकडे बघत होते. भाऊसाहेब कुठं बघत होते, ते मला दिसलं नाही.

आता ज्यांनी हे वाचून डोळे पुसले असतील त्यांच्यासाठी सांगते, मतदानात गावच जिंकलं. नववी ब नं भरघोस मतांनी ठरवलं की घटनेचा पाया गाव असावा. भाऊसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. हेडसरांनी उठून खरा निकाल वाचला, की पाया माणूसच राहिला आणि ग्रामपंचायती मार्गदर्शक तत्त्वांच्या कोठीत गेल्या. भाऊसाहेबांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. 'पंचायत' एवढंच त्यांना ऐकू आलं असावं.

शेवटी मनीषा. तिनं त्या महिला सदस्याचं भाषण आधी चोख म्हटलं. आम्हांला राखीव जागा नकोत, आम्ही बरोबरीनं येऊ. ठरल्याप्रमाणे कागद खाली ठेवला.

"त्या बाईंना वाटलं, स्वातंत्र्य आलं म्हंजी आता सगळे नीट वागतील," ती म्हणाली. "त्यांचा भरवसा खोटा न्हवता. आपन खोटे निघालो. मग जागा ठेवाव्या लागल्या. आता आपल्या गावात सरपंच बाई हाय. ती इथं बसलीया. माझा एकच प्रश्न हाय. तिचं नाव कुनाला ठावं हाय?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. सरपंचवहिनी म्हणून सगळे ओळखत होते. मीही आठवायला लागले. मी दरसाल फळ्यावर 'स्थानिक स्वराज्य संस्था' लिहीत होते, प्रभातफेरीत त्यांना हार घालत होते, आणि मला नाव आठवेना. दीड मिनिट कधीच होऊन गेलं होतं. आयेशा डस्टर उचलायचं विसरली.

पहिल्या रांगेत डोईवर पदर घेऊन बसलेली बाई हलली. बसूनच, कुणाकडे न बघता म्हणाली, "सुमित्रा."

मग जरा मोठ्यानं म्हणाली, "सुमित्रा हाय माझं नाव."

विश्वजित आपल्या आईकडे बघत राहिला.

राखीव जागांचा ठराव एकमतानं मंजूर झाला, इतिहासाच्या विरुद्ध. हेडसरांना खरा निकाल वाचायचा होता, पण ते उठलेच नाहीत. त्यांनी कागद माझ्याकडे दिला. मीही वाचला नाही. तीस वर्षांत मी वरिष्ठांचा मोडलेला तेवढाच एक हुकूम.

त्यानंतर काय झालं, ते सांगते. गाव बदललं नाही. सुमित्राताई पुढच्या दोन ग्रामसभांना खुर्चीवर बसल्या, विषयपत्रिका मोठ्यानं वाचली, आणि सही करायच्या आधी प्रत्येक कागदाला "ह्यात काय लिव्हलंय?" असं विचारलं. ग्रामसेवक माझ्याकडे तक्रार घेऊन आला, की सभा तीन तास चालायला लागली. तिसऱ्या सभेपासून त्यांची तब्येत बरी नसायची. विश्वजित मात्र नामदेवरावांकडे जात राहिला. ते वारले तेव्हा तो पुण्याहून आला होता आणि अंत्ययात्रेत खांदा द्यायला पुढे झाला. वस्तीतल्या लोकांनी जागा करून दिली. भाऊसाहेब आपल्या ओट्यावर उभे राहून बघत होते. उतरले नाहीत, पण आतही गेले नाहीत. आमच्याकडे याला प्रगती म्हणतात.

सव्वीस नोव्हेंबरला प्रास्ताविका म्हटली, फेरी निघाली, फोटो पाठवले. 'उत्साह' या रकान्यात हेडसरांनी 'प्रचंड' लिहिलं.

त्या फोटोत मनीषा नाही. आणि यात माझी चूक आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या पोरांना मागे राहता यावं म्हणून हंगामी वसतिगृह असतं. त्याच्या यादीत नाव घालायचं काम माझ्याकडे होतं. पालकांची सही घ्यायची आणि शुक्रवारी यादी पाठवायची. त्या आठवड्यात मी निळ्या कोटाची बटणं शिवत होते, भाषणं कापत होते, डस्टर शोधत होते. शुक्रवार गेला. यादी मनीषाच्या नावाशिवाय गेली. माणसाच्या हक्कांवर इतकं मन लावून काम केलं, की एका माणसाचा फॉर्म भरायचा राहिला. ती दिवाळीनंतर टोळीबरोबर गेली, एप्रिलमध्ये आली, कशीबशी दहावीत गेली. दहावीच्या हंगामात गेली ती परत आलीच नाही. तिचं लग्न झाल्याचं कळलं.

मी निवृत्त झाले. मागच्या वर्षी गुडघा दाखवायला अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात गेले होते. बाकावर बसले होते, तेव्हा शेजारून कुणीतरी म्हणालं, "बाई, वळखलं का?" मनीषा. अंगानं वाळलेली, हातांना उसाच्या पाचटाचे ओरखडे. जावेला तपासायला घेऊन आली होती. जाऊ गरोदर होती, समोरच्या भिंतीला टेकून बसली होती.

मी आधी माफी मागितली. त्या फॉर्मचं सगळं सांगितलं. एवढी वर्षं मनात ठेवलेलं. ती कान देऊन ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "कंचा फॉर्म, बाई?"

तिला असं काही असतं हेच माहीत नव्हतं. माझा पश्चात्तापसुद्धा तिच्यापर्यंत पोचला नव्हता.

मग तिनं तिचं सांगितलं. ती अजून कोयताच करते, म्हणजे ऊसतोड. तिच्या टोळीत गरोदर बायकाही उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरवर चढतात. फळीवरून, पाय घसरला तर संपलं. दोन वर्षांपूर्वी एकीचं पोटातलं गेलं. तेव्हा मनीषानं टोळीतल्या बायकांना कोपीपुढं, पाचटाच्या खोपटापुढं, बसवलं. भांडणं झाली. म्हाताऱ्या म्हणाल्या, आम्ही नाही का वाहिल्या मोळ्या. तरण्या म्हणाल्या, मग तिच्या वाटणीचं कोण वाहणार. तीन दिवस मिटेना. शेवटी सगळ्या मिळून टोळी नेणाऱ्या मुकादमाकडे गेल्या. पाचव्या महिन्यापासून बाई मोळी उचलणार नाही, ती खाली बसून मोळ्या बांधील.

"ऐकलं त्यानं?" मी विचारलं.

"कशाचा ऐकतोय. तो म्हनला, आठवा. आमी म्हनलं, पाच. सातावर मिटलं." तिनं जावेकडे बघितलं. "हिला सहावा हाय. म्हंजी हिला अजून एक म्हैना वाहावं लागतंय. मी म्हनलं, मी तुझ्या दोन वाहते, तू गप बस."

"मग सातावर कशाला मान्य केलं?"

माझ्या प्रश्नात जरा राग होता. ती माझ्याकडे बघून हसली. वर्गात कुणी भाबडा प्रश्न विचारला की मी हसायचे, तसं.

"बाई, पाचच धरून बसलो असतो तर आठच ऱ्हायलं असतं. आता सात तरी लिव्हून घेतलंय. कागदावर, सगळ्यांच्या अंगठ्यासकट. पुढच्या साली सहा करू."

खिडकीवर जावेचं नाव पुकारलं. मनीषानं तिला काखेत हात घालून उठवलं.